न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममधल्या त्या गार्डताईंना

ताई, तुम्हाला मराठी येत नाही आणि मला तुमचं नाव विचारायचंही सुचलं नाही, तरी लिहितेय, कारण हे आईला वाचून दाखवायचंय.

आई आयुष्यभर चित्रं काढत आली. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, उजवा हात गेला, तेव्हापासून ब्रश तसेच पडून आहेत. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका म्युझियममध्ये तिथला माणूस तिच्या डोक्यावरून मला विचारत होता, "यांना काही कळतं का?" ती समोर बसलेली असताना! माझ्या डोक्यातून ते अजून जात नाही.

आणि मग तुमच्याकडचा, फ्रेंच चित्रकार मातिसने कागद कापून केलेला 'स्विमिंग पूल'. १९५२ चा उन्हाळा, वय ८२, ऑपरेशननंतर उभं राहणं कठीण झालेलं, पोहणारे बघायला फ्रान्समधल्याच कान शहरात गेला तर ऊन सोसेना, म्हणून नीसला परत येऊन जेवणाच्या खोलीच्या भिंतींवर स्वतःचाच पूल केला. निळा रंग मदतनिसांनी कागदावर लावलेला, त्याच्या हातात फक्त कात्री. कुठे अंग निळं, कुठे दोन निळ्यांच्या मधलं पांढरं अंग. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "रंग दुसऱ्यांनी लावला, मग चित्र काढलं कुणी?" मला काही बोलता येईना.

तुम्ही विचारलंत काय म्हणतात, मी सांगितलं. तुम्ही सरळ व्हीलचेअरशेजारी गुडघ्यावर बसलात, तिच्या नजरेच्या उंचीवर, आणि दोन बोटांची कात्री करून हवेतच एका पोहणारीच्या कडेकडेने फिरवलीत, खांदा, पाठ, पाय, सावकाश. एक शब्द नाही. आणि आईने डावा हात उचलला! तिचीही बोटं चालायला लागली, "इथे बघ, इथे त्याने कात्री नाही, कागद फिरवलाय," असं ती मला सांगत होती, दोन वर्षांनी चित्रावर बोलत होती.

कापलेल्या कागदांच्या मागचं गोणपाट काळवंडलं म्हणून हे काम कितीतरी वर्षं लोकांसमोर नव्हतं, नवं गोणपाट लावून २०१४ मध्ये परत आणलं, त्या धीराने काम करणाऱ्यांचेही आभार मानावेसे वाटतात. अशी माणसं असतात म्हणून आपल्यापर्यंत काही पोचतं तरी.

उठताना तुम्ही गुडघा चोळलात. आईने पाहिलं ते. दुखतोय का अजून, असं विचारायला सांगितलंय तिने.