केपटाऊनला राहणाऱ्या लेकीस

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

खोली मिळाली हे वाचून आईचा जीव भांड्यात पडला. माझ्या जुन्या पासपोर्टवर ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ असा शेरा होता. तिथल्या वंशभेदाचा निषेध म्हणून भारताने १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला होता, आणि राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते थेट १९९३ मध्ये. आज माझी लेक तिथे शिकते आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तू विचारलंस, मूठभर गोऱ्यांनी एवढा मोठा देश इतकी वर्षं दाबून ठेवला कसा? पोलीस आणि बंदुका होत्याच. १९६० साली शार्पव्हिलला पासच्या (काळ्यांना सतत जवळ बाळगावा लागणाऱ्या परवान्याच्या) सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार करून ६९ माणसं मारली. पण नुसत्या बंदुकीवर एवढं राज्य चालत नाही गं.

पाया आधीच घातलेला होता. १९१० मध्ये इंग्रजांनी कारभार सोपवला तो गोऱ्यांच्या संसदेकडे, आणि तिने १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्यांसाठी देशातली जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली. १९४८ मध्ये वंशभेदाचं धोरण घेऊन मलानचा नॅशनल पक्ष निवडून आला. १९५० पासून प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद होऊ लागली. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघत, अडकली की खालचा वर्ग. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या वर्गांत पडली.

बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती मला इथे स्पष्ट दिसते. प्रत्येकाच्या पायाखाली आणखी कुणीतरी ठेवायचं, म्हणजे तो वरच्याविरुद्ध उठत नाही. केपटाऊनजवळच्या रॉबेन बेटावरचा तुरुंग बघ. १९६४ मध्ये मंडेला आणि त्यांचे लढ्यातले सहकारी अहमद कथ्राडा यांना जन्मठेप होऊन एकदमच तिथे आणलं. कथ्राडा चौतिशीचे, गुजरातेतून गेलेल्या घरातले. त्यांना भारतीय म्हणून लांब पँट आणि पाव. पंचेचाळिशीच्या मंडेलांना, आफ्रिकी म्हणून, कडाक्याच्या थंडीतही हाफपँट, आणि पाव नाही. गुन्हा एक, शिक्षा एक, कोठड्याही एकाच विभागात. हे वाचलं तेव्हा मला शरम वाटली, कारण त्या लांब पँटीत आपलेच लोक होते.

म्हणून मला १९८४ चं साल १९९४ इतकंच मोठं वाटतं. तेव्हाच्या बोथा सरकारने भारतीयांना आणि ‘कलर्ड’ (मिश्रवंशीय) लोकांना संसदेत वेगवेगळी सभागृहं देऊ केली. काळ्यांना काहीच नाही. लांब पँटच ती, फक्त संसदेतली! त्या निवडणुकीवर लोकांनी बहिष्कार घातला, आणि नोंदलेल्या भारतीय मतदारांपैकी साधारण पाचवा हिस्साच मतदानाला गेला. केवढा शहाणपणा आणि केवढी हिंमत!

त्याच सुमारास काळ्यांच्या वस्त्या पेटल्या, कामगारांचे संप वाढले, १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष डी क्लर्कनी मंडेलांच्या पक्षावरची बंदी उठवली, मंडेला सुटले, आणि २७ एप्रिल १९९४ ला सगळ्यांनी एकत्र मतदान केलं.

कायदा गेला, जमीन मात्र तशी परत आली नाही. तुझ्याच शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स आहे. ११ फेब्रुवारी १९६६ ला तो भाग फक्त गोऱ्यांचा ठरवला आणि पुढच्या अनेक वर्षांत साठ हजारांवर माणसं तिथून उठवून लांब केप फ्लॅट्सच्या वाळूत नेऊन टाकली. त्यांची घरं बुलडोझरने पाडली. सकाळी तुझ्या कॉलेजात सफाईला येणाऱ्या बायका कुठून येतात, किती वाजता निघतात, हे ओळख झाली की विचार. भारतीय म्हणून तुला कुठे वेगळी, जरा बरी वागणूक मिळाली, तर ती का मिळते आहे याकडेही लक्ष ठेव.

रॉबेन बेटावर जाशील तेव्हा बोटीचं तिकीट आधी काढून ठेव. तिथला तुरुंग दाखवायला पूर्वी कैदी असलेली माणसंच येतात. ती काय सांगतात ते मला सविस्तर लिही, फोनवर नको.

तुझे,
बाबा