आमदारांच्या पीएचा पगार नक्की कोण देतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधिमंडळाच्या कर्मचाऱ्यांना बोनस द्यायचा का, पगार वाढवायचा का, असा विषय निघाला की आमच्या नागपुरात लोकं लगेच भडकतात. आमदारांवर एवढा खर्च होतोच आहे, त्यात त्यांच्या माणसांचे पण लाड कशाला, असं. राग समजतो. पण हे कर्मचारी म्हणजे कोण ते आधी बघा ना, कारण यात दोन वेगळे गट आहेत आणि आपण दोघांनाही एकाच रांगेत उभं करतो.

एक गट विधानभवनाच्या सचिवालयातला. प्रतिवेदक (सभागृहातलं बोलणं उतरवून घेणारे), कक्ष अधिकारी, सहायक, शिपाई. यांची नोकरी पक्की, सातवा वेतन आयोग आहे, डीए आहे, त्यामुळे पगार कमी म्हणून रडायचं काही कारण नाही. अधिवेशनात मात्र खरंच हाल होतात हे मान्य, डिसेंबरात अख्खं ऑफिस फायलींसकट मुंबईहून इथे येतं, ‘160 गाळे’ या सरकारी वसाहतीत मुक्काम, आणि सभागृह रात्री उशिरापर्यंत चाललं तर प्रतिवेदकालाही तिथेच बसायचं, समोर दहा जण एकदम ओरडत असले तरी शब्द न् शब्द उतरवायचा. पण राजेहो, हे चालतं किती दिवस? 2024 ला 16 ते 21 डिसेंबर, 2025 ला 8 ते 14. आठवड्यात गाशा गुंडाळून सगळे परत. तर जेवढे जादा तास भरले तेवढे लिहून ठेवा आणि त्याचा भत्ता नाहीतर बदली रजा द्या, मामला संपला. मुंबई महापालिकेत 2025 च्या दिवाळीला 31 हजार मिळाले म्हणून आम्हाला पण द्या, हे मला पटत नाही. अंगणवाडी सेविकेला भाऊबीज म्हणून 2 हजार मिळतात, तिने मग कुणाकडे बघायचं?

दुसरा गट म्हणजे आमदारांचे पीए, आणि खरी गोची इथेच आहे. ऑगस्ट 2016 मधे आमदारांनी स्वतःचा पगार पाऊण लाखावरून थेट दीड लाखाच्या वर नेला, माजी आमदारांची पेन्शन 40 वरून 50 हजार केली, सगळे पक्ष एक झाले आणि चर्चासुद्धा झाली नाही. त्याच विधेयकात पीएचे 15 हजार होते ते 25 हजार झाले. नंतर अजून थोडे वाढले, पण पद्धत तीच, साहेबांचं वाढताना याचं पण थोडं वाढवायचं. ना ग्रेड, ना बढती, साहेब पडले की हा घरी.

आता याचं काम बघा. दवाखान्यात बेड मिळवून देणं, शाळेच्या अ‍ॅडमिशनचं पत्र, मंत्रालयात फाईल कुठल्या टेबलावर अडकली ते शोधणं, कुणाच्या तेराव्याला साहेबांनी जायचं राहिलं त्याची यादी, आणि वर आमदाराने सभागृहात मांडायचे तारांकित प्रश्न नि लक्षवेधी सूचना यांचा मसुदा पण यानेच करायचा. पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वरचा जादा खर्च, एका अधिवेशनात 57 हजार कोटींच्या येतात (2025 चं पावसाळी अधिवेशन), त्या वाचून आमदाराला चार प्रश्न काढून देईल असा माणूस एवढ्या पैशात मुंबईत राहून मिळेल का? मग मिळतो कोण, तर साहेबांचा पुतण्या, नाहीतर असा कोणी ज्याची बाकीची सोय एखादा कॉन्ट्रॅक्टर बघतो. आपण पगार दिला नाही म्हणून तो फुकट काम करत नाही, दुसरं कोणीतरी देतं आणि ते नंतर आपल्याच रस्त्यातून वसूल करतं. म्हणून करदाता म्हणून माझं मत असं की पीएचा पगार भरपूर वाढवा, माझ्या खिशातून वाढवा.

फक्त बोनस नको. बोनस म्हणजे वरच्याची मर्जी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हेच झालं, तिथल्या विधिमंडळातल्या स्टाफला 2006 च्या सुमारास गुपचूप बोनस वाटले, सरकारी तिजोरीतून, आणि नंतर चौकशीत निघालं की ते निवडणूक प्रचाराच्या कामाचं बक्षीस होतं. माईक व्हीऑन नावाचा तिथला मोठा नेता 2010 मधे दोषी ठरला, बाकीच्यांवरही खटले झाले. आपल्याकडे तर प्रचाराला पीए फिरतो हे सगळ्यांना माहितच आहे, कोणाला नवल पण वाटत नाही. आणि सचिवालयाचं म्हणाल तर राज्यघटनेच्या कलम 187 ने ते सरकारपासून वेगळं ठेवलंय ते उगीच नाही, सत्तेतला माणूस खूश होऊन पाकीट द्यायला लागला तर विरोधी आमदाराचा प्रश्न वेळेत पुढे जाईल याची गॅरंटी कोण घेणार?

तेव्हा पीएच्या पदाला शिक्षण आणि वेतनश्रेणी ठरवा, पैसे थेट त्याच्या खात्यात टाका, जवळच्या नातेवाईकाला मनाई करा, आणि कोणत्या आमदाराकडे कोण पीए आहे, किती पगार घेतो, ही यादी विधिमंडळाच्या वेबसाईटवर टाका. पुढच्या वेळी स्वतःच्या पगाराचं विधेयक आणाल तेव्हा त्यातच हे पण घाला, कारण ते विधेयक कधी अडकत नाही असा आजवरचा अनुभव आहे.

आपला,
एक करदाता वाचक, नागपूर