लढे जगभरचे, सबटायटल्स मात्र इंग्रजीतच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मानवी हक्कांच्या लढ्यांवरचा एक फिल्म फेस्टिव्हल नुकताच बघून आले. हौशी मंडळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून भरवतात, प्रोजेक्टर मागून आणतात, खुर्च्या स्वतः मांडतात, त्यामुळे नावं ठेवायला जीभ रेटत नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेच.

पहिल्या दिवशी पात्रिसियो गुझमान यांची 'नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट' (2010) ही चिलीवरची स्पॅनिश डॉक्युमेंटरी होती, सबटायटल्स फक्त इंग्रजीत. अटाकामाच्या वाळवंटात मोठमोठ्या दुर्बिणी आकाश धुंडाळतायत आणि तिथेच खाली बायका छोटी फावडी घेऊन माती उकरतायत, कारण 1973 मध्ये तिथला लष्करप्रमुख पिनोशे याने सत्ता बळकावल्यावर लष्कराने मारलेली माणसं त्या वाळवंटात पुरली होती, त्यांची हाडं या बायका वर्षानुवर्षं शोधतायत. तळहातावर हाडाचे बारीक बारीक तुकडे. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक मावशी होत्या, पडद्यावरची बाई बोलायला लागली की यांचं सुरू, "काय म्हणाली गं ती?" मी कानात सांगेपर्यंत पुढची ओळ गेलेली, त्यात मागून कोणीतरी शुक् शुक् करणार! शेवटी मावशींनी विचारणंच सोडलं, नुसत्या त्या हाताकडे बघत बसल्या. आणि नेमकं तेव्हाच ती बाई म्हणत होती की या दुर्बिणींना आकाशासारखं जमिनीच्या आतलंही दिसलं असतं तर आमची माणसं सापडली असती. बाहेर आल्यावर मी हे सांगितलं तर मावशी एकदम थांबल्या, म्हणाल्या, "अगं मग तेव्हाच सांगायचंस ना."

मराठी सबटायटल्स का नाहीत असं आयोजकांना विचारलं तर उत्तर काय, सिनेमाला भाषा नसते! बरं, दुसऱ्या दिवशी रिथी पान्ह यांचा 'द मिसिंग पिक्चर' (2013) होता. कंबोडियात 1975 ते 79 या ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात आपल्या घरच्यांचं जे झालं त्याची चित्रंच नाहीत म्हणून त्यांनी मातीच्या बाहुल्या करून ते दाखवलंय, बाहुल्या काही बोलत नाहीत, सगळा जीव निवेदनात आणि ते फ्रेंचमध्ये. ज्याला सबटायटल वाचता येत नाही त्याने काय, बाहुल्या बघायच्या?

शब्दाने काय होतं ते मानवी हक्कवाल्यांना मी सांगायला नको खरं तर. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "ऑल मेन" च्या जागी "ऑल ह्यूमन बीइंग्ज" यावं म्हणून तिथल्या भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहता, अडून बसल्या होत्या. तो जाहीरनामा आज पाचशेपेक्षा जास्त भाषांमध्ये आहे, मराठीतही आहे, आणि त्यावरच्या फेस्टिव्हलला मराठी सबटायटल नाही, कमाल आहे.

काम फार मोठंही नाही. वितरकाची परवानगी घ्यायची, इंग्रजी सबटायटलची फाइल मागायची, ती साधी टेक्स्ट फाइल असते, वेळेचे आकडे तसेच ठेवायचे आणि खालची ओळ बदलायची. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, त्यामुळे मराठी आटोपशीर लिहावं लागतं, तेवढीच काय ती मेहनत. मशीनकडून भाषांतर करून घेतलं तरी माणसाने बसून तपासायलाच हवं, नाहीतर चिलीतली ती माणसं 'बेपत्ता' होतील. ती बेपत्ता झाली नव्हती हो, त्यांना गायब केलं होतं, 'बेपत्ता' म्हटलं की करणारा सुटतो.

पुढच्या वर्षीच्या दोन फिल्म मी करून द्यायला तयार आहे, आयोजकांनाही तसं सांगून आलेय. तपासायला मावशी येणार आहेत, त्यांना कळलं नाही ती ओळ बदलायची असं आमचं ठरलंय.

आपली,
एक प्रेक्षक