जज का निवडला, का नाकारला, ते लिहून सांगा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचे जज निवडायला कॉलेजियम (म्हणजे सिनिअर जजांचीच समिती) पाहिजे की सरकारचीही माणसं असलेला आयोग पाहिजे ह्यावर भांडणं चालूच असतात, पण मला वाटतं खरं दुखणं वेगळंच आहे. एखादा जज का निवडला आणि एखाद्याला का अडवलं हेच आपल्याला कोणी सांगत नाही.

तालुक्याला जेएमएफसी (खालच्या कोर्टाचा जज) व्हायचं तर एमपीएससीची जाहिरात निघते, पूर्व, मुख्य, मुलाखत, सगळ्याचे मार्क लागतात. आणि हायकोर्टाचा जज, जो फाशी कायम करतो, सरकारचा जीआर रद्द करतो, त्याला जाहिरात नाही, अर्ज नाही. हायकोर्टाचे चीफ जस्टिस आणि दोन सिनिअर जज नावं पाठवतात, मग आयबीचा (केंद्राच्या गुप्तचर खात्याचा) रिपोर्ट, मग सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम आणि कायदा मंत्रालय, आणि तोवर तो वकील नुसता थांबून.

वकील सोमशेखर सुंदरेसन यांचंच बघा, मुंबई हायकोर्टासाठी नाव गेलं फेब्रुवारी २०२२ मध्ये, सरकारचा आक्षेप काय तर सोशल मीडियावर मतं मांडतात, जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने तेच नाव परत पाठवलं, तरी नेमणुकीला नोव्हेंबर उजाडला. दुसऱ्यांदा आलेलं नाव सरकारला मान्य करावंच लागतं आणि त्यासाठी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३-४ आठवड्यांची मुदत पण सांगितलीय, ती पाळतंय कोण! आणि हा आक्षेप आपल्याला कळला तरी कसा, तर कॉलेजियमने तो वेबसाइटवर टाकला म्हणून.

पण कॉलेजियम पण दर वेळी असं करत नाही. नागपूर खंडपीठाच्या जज पुष्पा गनेडीवाला यांना कायम करायची शिफारस जानेवारी २०२१ मध्ये झाली आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) त्यांच्या निकालावर, कपड्यांवरून केलेला स्पर्श त्या कायद्याखाली लैंगिक अत्याचार नाही असं म्हटलेल्या, ओरड झाल्यावर लगेच मागे घेतली. निकाल चुकीचाच होता, सुप्रीम कोर्टाने पुढे तो फिरवला, पण आधी शिफारस करताना नक्की काय तपासलं होतं हे मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

म्हणून सगळं सरकारच्या हातात द्या असं म्हणणाऱ्यांनी १९७३ आठवावं. २४ एप्रिलला घटना बदलायच्या संसदेच्या अधिकाराला मर्यादा घालणारा सुप्रीम कोर्टाचा केशवानंद निकाल आला आणि दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे, ग्रोव्हर ह्या तीन सिनिअर जजांना डावलून सरन्यायाधीश म्हणून ए. एन. रे यांचं नाव जाहीर. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात जायच्या हक्काच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या जजांपैकी एकटे एच. आर. खन्ना नागरिकांच्या बाजूने उभे राहिले तर १९७७ मध्ये त्यांनाही डावललं. सरकारला नाही म्हणता येणं हे जजचं मुख्य काम आहे, तो सरकारच्याच मर्जीतला कसा चालेल? बाबासाहेबांनी मे १९४९ मध्ये घटना समितीत दोन्ही बाजू मांडल्या होत्या, नेमणूक एकट्या सरकारवर सोडू नका आणि सरन्यायाधीश पण शेवटी माणूसच, त्यांनाही व्हेटो नको. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात तो आयोग ४ विरुद्ध १ जजांनी रद्द झाला तेव्हा वेगळं मत देणाऱ्या जज चेलमेश्वर यांनीही कॉलेजियमचा कारभार बंद दाराआड चालतो हेच लिहिलं.

आमच्या सांगली-कोल्हापूर भागाने कित्येक वर्षं आंदोलन करून ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरला सर्किट बेंच मिळवलं, पण बेंचवर बसायला जज लागतात, आणि मुंबई हायकोर्टाच्या मंजूर ९४ जागांपैकी बऱ्याच जागा वर्षानुवर्षं रिकाम्याच असतात. तर आपल्या पेपरने दर महिन्याला एक चौकट छापावी, हायकोर्टात जागा किती रिकाम्या, कुठलं नाव कोणाच्या टेबलावर किती महिने पडून आहे आणि त्याचं कारण दिलंय की नाही, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली