खिडकीपाशी थांबलेला रुग्ण

प्रति,
मा. आयुक्त, कम्युनिटी हेल्थ विभाग, जॉर्जिया राज्य, अटलांटा

महोदय,

गोळी लागून आलेल्या रुग्णांच्या मनालाही उपचार मिळावेत, यासाठीचं इंग्रजी पत्र तुमच्या कचेरीत देऊन झालं. मराठीत पुन्हा लिहितेय, कारण इथल्या इस्पितळांत आपली माणसं पुष्कळ आहेत आणि ‘त्या वस्तीत हे चालायचंच’ हे मी मराठीतही ऐकलंय.

मी फिजिओथेरपिस्ट, मूळची मिरजेची. मागच्या वर्षी मांडीत गोळी लागलेला तिशीतला एक कृष्णवर्णीय तरुण माझ्याकडे होता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उठला, चार पावलं चालला आणि खिडकीपाशी अडला. काही केल्या काचेसमोरून जाईना. जेवणाच्या ट्रॉलीवरचं झाकण पडलं, तर वॉकर सोडून खाली बसायला निघाला. रात्रभर टक्क जागा. केसपेपरवर नोंद एवढीच: वेदना १० पैकी ६. पाचव्या दिवशी कुबड्या, औषधं आणि टाके काढायची तारीख देऊन घरी पाठवला. झोपेबद्दल एक ओळ नाही.

पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मनात रुतून बसणाऱ्या भीतीच्या आजाराचं, निदान महिना उलटल्यावर होतं, पण चाहूल पहिल्या आठवड्यातच लागते. ‘आता मेलोच’ असं त्या क्षणी वाटणं, सगळं स्वप्नात घडल्यासारखं भासणं, झोप उडणं. अपघातापेक्षा कुणी मुद्दाम केलेला घाव जास्त पोखरतो. मागे लहानपणचा मार असेल तर आणखीच. लहानपणच्या माराचं हे ग्रेडी इस्पितळातल्या ‘ग्रेडी ट्रॉमा प्रोजेक्ट’ या संशोधनाने याच अटलांटात, बहुतांश कृष्णवर्णीय रुग्णांशी बोलून, दाखवलंय. मिलवॉकी शहरातल्या संशोधकांना वंशभेदाचा अनुभवही पुढच्या लक्षणांशी जोडलेला आढळला. माझ्या रुग्णाला पोलिसांचा पहिला प्रश्न होता, ‘तू काय केलं होतंस?’

बरेच जण आपोआप सावरतात. न सावरणारे आधी हुडकायला हवेत. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या सर्जनांच्या संघटनेच्या २०२२च्या मानकांनी मोठ्या ट्रॉमा सेंटरांना, म्हणजे गंभीर जखमींच्या इस्पितळांना, जास्त धोका असलेल्यांच्या मनाची तपासणी बंधनकारक केली. त्यासाठी मिलवॉकीत तयार झालेल्या प्रश्नावलीत नऊच प्रश्न आहेत. गुडघ्याच्या व्यायामाला मला त्याहून जास्त वेळ लागतो.

पण तपासल्यावर समुपदेशकाची फी कोण भरणार? तुमच्या ‘पाथवेज’ योजनेत मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवावी लागते. मांडीत सळई घातलेला माणूस हे तास कुठून आणणार? जबर जखमी होऊन दाखल झालेल्यांना सहा महिने ही अट लावू नका. आणि समुपदेशकाची पहिली भेट घरी सोडण्याआधी, कॉटपाशीच होऊ द्या.

तो तरुण टाके काढायला आला नाही. फोन वाजतो, उचलत नाही.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट