दोन सुया झाल्या, सगळं ठीक आहे

लीड्स, २० फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांना सा. नमस्कार.

पोटातली दोघंही छान आहेत. आई, हे आधी वाच, मग पुढचं.

रथसप्तमीला व्हिडिओ कॉलवर मी पडूनच बोलत होते आणि सर्दी झालीय म्हणाले. सर्दी नव्हती गं. दोन दिवस आधी माझी अ‍ॅम्निओसेंटेसिस झाली होती, म्हणजे पोटातून सुईने बाळाभोवतालचं पाणी काढून तपासतात ती. बाराव्या आठवड्यातल्या तपासणीत एका बाळाला डाउन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असल्याचा जन्मजात दोष, असण्याची शक्यता ८५ मध्ये १ आली. नुसत्या रक्तावरची दुसरी तपासणी केली, तिचा निकालच लागला नाही. जुळ्यांत असं जास्त होतं, आणि लागला असता तरी दोघांतलं कोणतं हे कळलं नसतं.

“एवढी जोखीम घ्यायची काय गरज होती?” असं तू म्हणणार. मावशीचं मूल गेलं ते तुझ्या मनातून जात नाही, माहीत आहे. पण जुळ्यांत काही वेळा सुई न लावताही गर्भ टिकत नाही. सुईमुळे वाढणारी जोखीम जुळ्यांत साधारण १०० मध्ये १ धरतात, आणि अलीकडे अशाच जुळ्यांशी तुलना करून पाहिलं तर ती याहूनही कमी दिसते. आमच्या दोन्ही बाळांची वार वेगळी, पिशवी वेगळी, म्हणून सोळाव्या आठवड्यात दोनदा सुई घातली. सुई सतत सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत होती. कोणतं बाळ डावीकडे, कोणतं उजवीकडे, याचं चित्र आधी काढून ठेवलं, नमुने उलटसुलट होऊ नयेत म्हणून. हात नवशिक्याचा नव्हता, ते मी आधीच विचारून घेतलं होतं.

इथलं एक मात्र मला अजून उमगत नाही. डॉक्टर ‘करा’ म्हणतच नाहीत! कागदावर १०० गोल काढले, एक काळा केला, आणि म्हणाल्या, “तुम्ही ठरवा. नाही केली तरी चालेल.” मी विचारलं, तुमची मुलगी असती तर? त्यावर पुन्हा तेच, की मुलगी असती तरी तिनेच ठरवलं असतं. आपल्याकडे डॉक्टर म्हणतात, “करून घ्या, काळजी करू नका,” आणि निम्मं ओझं तिथेच उतरतं. इथे त्या हात धरून बसतात, हवं तितकं समजावतात, पण शेवटचा शब्द काही बोलत नाहीत. घरी येऊन मी आणि हे पहाटेपर्यंत बोललो. तेव्हा तुला फोन करावासा फार वाटला. केला नाही, कारण तू ‘नको’ म्हणाली असतीस आणि मला ते मोडता आलं नसतं.

तीन दिवसांत पहिला निकाल आला, दोन आठवड्यांनी पूर्ण. दोघांच्याही गुणसूत्रांत दोष नाही. मुलगा की मुलगी ते आम्ही विचारलं नाही.

बाबा, तपासणीला पैसे लागले नाहीत, त्यामुळे लग्नाच्या हॉलचे एक लाख ठरल्याप्रमाणे महिनाअखेर पाठवते. पण मे महिन्यात मला तीस आठवडे होतील, विमानाला डॉक्टर तयार नाहीत. राजूच्या लग्नात करवली मी नसणार, हे त्याला तुम्हीच सांगा, माझ्याने बोलवत नाही. हळदीची साडी कपाटात वरच्या खणात आहे, ती माझ्या वतीने नवरीला द्या.

आईचा पासपोर्ट मात्र या आठवड्यातच टाका. जुलैत ती इथे हवी आहे मला.

तुमची,
माई