चार वर्षांच्या हातात चौरेघी वही नको

संपादक महोदय,

परळमधल्या एका बालवाडीत मी २९ वर्षं शिकवलं. गेल्या आठवड्यात ज्युनियर केजीतल्या माझ्या सव्वाचार वर्षांच्या नातीची वही पाहिली आणि फार वाईट वाटलं. चौरेघी पानभर 'बी'च्या ओळी, खोडून खोडून फाटलेला कागद आणि खाली लाल शाईत शेरा: 'अक्षर सुधारा'. पोर म्हणाली, ''आजी, हात दुखतो.''

दुखणारच. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती बहुतेक कूर्चेचीच असतात, मग वर्षागणिक एकेक हाड तयार होत जातं. शेवटचं दिसायला आठवं-दहावं वर्ष उजाडतं. या वयाची बरीच मुलं पेन्सिल मुठीतच धरतात आणि जोर खांद्यातून लावतात. तो आळस नव्हे.

आमच्या बालवाडीत गणपतीच्या आधी शेजारच्या कारखान्यातून उरलेली शाडूची माती मिळायची. एक मुलगा पेन्सिल दिसली की हात मागे लपवायचा. त्याला मी दोन महिने फक्त माती दिली. आधी नुसते गोळे, मग वळ्या, मग उंदीर, आणि उंदराला बोटांच्या चिमटीने काढलेले कान. त्या चिमटीतच पुढे पेन्सिल बसते. दिवाळीनंतर त्याने आपणहून पाटीवर 'ग' काढला. उलटा होता, पण मी पुसला नाही.

यात माझं काही नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच मुलांना शिकवलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तरी फाटकाशी आईवडील विचारतात, ''आज काय लिहिलं?'' त्या प्रश्नाच्या धाकाने शाळा वह्या भरून घेतात. बाईंनाही मी दोष देत नाही, एकेका वर्गात चाळीस मुलं असली तर त्या तरी काय करणार?

मुंबईतल्या मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की ज्युनियर केजीच्या दप्तरातून चौरेघी वही काढा आणि पालकांच्या पहिल्याच सभेत त्याचं कारण सांगा.

नातीला मी सध्या संध्याकाळी मोड आलेले वाल सोलायला बसवते. काल तिने वाटीभर बिरडं सोललं. हात दुखतो असं एकदाही म्हणाली नाही.

- एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, परळ, मुंबई